नव्या कंपाउंड धनुष्यासोबत काय घ्यावं

कंपाउंड धनुष्य खोक्यातून काढलं की त्याने लगेच बाण मारता येत नाही. हँडल, वाकणारे दोन लिंब, त्यांच्या टोकांची दोन चाकं म्हणजे कॅम, स्ट्रिंग आणि केबल एवढंच हातात येतं. बाण टेकवायला रेस्ट नसतो, नेम धरायला साइट नसते, स्ट्रिंग ओढायला लागणारा रिलीजही वेगळाच घ्यावा लागतो. मुलाला किंवा मुलीला घेऊन दुकानात आलेले पालक पहिल्यांदा इथे दचकतात. जमवलेले पैसे धनुष्यातच संपलेले असतात आणि मग बाकीचं सामान ‘सध्या मिळेल ते घेऊ’ म्हणून गोळा होतं. माझं सांगणं असं, की हाताशी असलेल्या रकमेचे आधी दोन भाग करावेत. निम्मी किंवा फार तर साठ टक्के रक्कम धनुष्याला, उरलेली सामानाला. मग धनुष्याची श्रेणी एक पायरी खाली आली तरी चालेल. सुरुवातीच्या दोन वर्षांत गुण जातात ते बहुतेक वेळा चुकीच्या बाणांमुळे आणि हाताला न बसणाऱ्या रिलीजमुळे. धनुष्य महागाचं नव्हतं म्हणून क्वचितच.

हे आत्ता लिहायला कारण आहे. 2023 साली बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत अदिती स्वामी आणि ओजस देवतळे हे दोघे कंपाउंडचे वैयक्तिक विश्वविजेते झाले. दोघांचाही तेव्हाचा सराव साताऱ्यात, प्रशिक्षक प्रवीण सावंत यांच्याकडे. ओजसने अंतिम सामन्यात पंधरा बाणांत 150 पैकी 150 गुण घेतले. त्यातच 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये कंपाउंडच्या मिश्र सांघिक प्रकाराला जागा मिळाली. आजवर रिकर्व्ह या दुसऱ्या धनुष्यप्रकारालाच ऑलिंपिक, म्हणून कंपाउंडकडे पाठ फिरवणारे पालकही आता चौकशी करू लागले आहेत.

चौकशी बहुतेकदा मोबाइलवरच्या व्हिडिओंपासून सुरू होते आणि गाडी तिथेच घसरते. कंपाउंड धनुष्यावरचे बरेचसे व्हिडिओ अमेरिकन शिकाऱ्यांसाठी असतात. हॉलेस विल्बर ॲलन या मिसुरीतल्या गृहस्थाने कंपाउंडचं पेटंट 1969 मध्ये मिळवलं, तेव्हापासून त्याचा सर्वांत मोठा बाजार हरणाच्या शिकारीचाच आहे. शिकारी झाडावरच्या मचाणावर तासन्‌तास बसतो आणि त्याला मारायला एखादाच बाण मिळतो. तोही कधी पंधरा मीटरवर, कधी तीस मीटरवर. म्हणून त्याचं धनुष्य आखूड असतं, साइटवर वेगवेगळ्या अंतरांसाठी चार-पाच पिना असतात, बाण कुठल्याही कोनात पडू नये म्हणून त्याला चहूबाजूंनी धरणारा रेस्ट असतो, बाणांचा भाता धनुष्यालाच जोडलेला असतो आणि रिलीज मनगटाला पट्ट्याने बांधलेला असतो, म्हणजे थंडीने बधिर झालेल्या हातातून तो खाली पडत नाही. यातली एकेक गोष्ट त्याच्या कामाला चोख आहे.

आपला खेळाडू मात्र ठरलेल्या 50 मीटरवरून एका पात्रता फेरीत 72 बाण मारतो. 80 सेंटीमीटरच्या लक्ष्यावर दहा गुणांचं वर्तुळ 8 सेंटीमीटरचं असतं. त्याला पाच पिनांचा उपयोग नाही, एकच ठिपका पुरतो. धनुष्याला जोडलेला भाता त्याला नकोच. एका बाजूला वजन लटकलं की धनुष्य कलतं. अंतर मोजणारी इलेक्ट्रॉनिक साइट स्पर्धेत चालत नाही, आणि जंगली नक्षीचे कपडे घालून जागतिक स्पर्धेच्या मैदानात उतरता येत नाही. राहिली टोकदार पात्यांची शिकारी बाणाग्रं. ती लक्ष्य लावायच्या बटाचा फोम चिरून टाकतात, आणि आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे, त्यामुळे ती घेऊन करायचंही काही नाही. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी मंडळींपैकी कुणी परवाना काढून शिकार करत असेल, तर त्यांची यादी अर्थातच वेगळी. त्यांनी खरेदीआधी आपल्या राज्याचे नियम वाचावेत. धनुष्याची किमान ताकद, बाणाग्राचा प्रकार, इलेक्ट्रॉनिक साधनं याबाबत राज्याराज्यांत फरक आहे. पात्याचं बाणाग्र हवेत पंखासारखं वागून बाणाला भरकटवतं, म्हणून अशा बाणांना मागची पिसंही मोठी लागतात. इथून पुढचं लिहिणं मैदानावरच्या खेळाडूसाठी.

पहिला खर्च बाणांवर करा. दुकानदार धनुष्याबद्दल अर्धा तास बोलतो आणि बाण ‘हे घ्या, चालतील’ म्हणून पुढे सरकवतो. चालत नाहीत. बाणाचा ताठपणा, म्हणजे स्पाइन, हा चष्म्याच्या नंबरासारखा आहे. मित्राचा आपल्याला लागत नाही. 28 इंचांच्या अंतरावर दोन आधार देऊन बाण ठेवायचा, मधोमध 880 ग्रॅमचं वजन टांगायचं आणि बाण किती वाकतो ते इंचाच्या हजाराव्या भागात मोजायचं. अर्धा इंच वाकला तर स्पाइन 500. आकडा जितका लहान तितका बाण ताठ. तुम्हाला कोणता लागेल हे तीन गोष्टींवर ठरतं: धनुष्याची ताकद, बाणाची लांबी आणि पुढच्या पॉइंटचं वजन. बाण लांब ठेवला किंवा पॉइंट जड केला की तोच बाण सुटताना जास्त लवचीक वागतो. प्रत्येक कंपनीचा स्पाइनचा तक्ता असतो. तो स्वतः उघडून बघा आणि दुकानदाराने दिलेला आकडा त्यात बसतो का ते ताडा.

वजनाचा मुद्दा तर सुरक्षेचा आहे. बहुतेक उत्पादक दर पौंड ताकदीमागे निदान 5 ग्रेन वजनाचा बाण मागतात. त्याहून हलका बाण म्हणजे जवळजवळ रिकामी स्ट्रिंग सोडल्यासारखंच. लिंब आणि कॅम दोन्हींवर घाव बसतो. 45 पौंडांच्या धनुष्याला किमान 225 ग्रेन, म्हणजे साडेचौदा ग्रॅमच्या आसपास. पॉइंट, नॉक (स्ट्रिंगला अडकणारी मागची खाच) आणि पिसं धरून पूर्ण बाण मोजायचा. ग्रेनचा काटा गावात कुठून आणणार, तर ओळखीच्या सोनाराकडे जा. त्याच्या काट्यावर बारा बाण मोजून घ्या आणि प्रत्येकाचं वजन वहीत लिहा. एखादा बाकीच्यांपेक्षा वेगळा निघाला तर तो सरावाला ठेवा.

जाडीबद्दल एक गोष्ट. नियमाने बाणाचा दांडा, म्हणजे शाफ्ट, 9.3 मिलिमीटरपर्यंत जाड चालतो, आणि रेषेला बाण टेकला तर वरचा गुण मिळतो. म्हणून बंदिस्त सभागृहातल्या 18 मीटरच्या स्पर्धेत काही जण जाडजूड बाण वापरतात. मोकळ्या मैदानात तोच बाण वाऱ्याला जास्त अंग देतो, तिथे बारीक शाफ्ट बरा. दोन जोड परवडत नसतील तर बारीकच घ्या. आपल्याकडचा बहुतेक खेळ उघड्यावर आहे. घेताना डझनभर एकदम घ्या. सहा-सहा करून घेतले तर दुसऱ्या वेळी तेच वाण मिळेलच असं नाही, आणि एका फेरीत वापरायचे बाण सारखे असावेत, त्यावर खेळाडूचं नाव किंवा आद्याक्षरं असावीत असा नियमही आहे.

कार्बनच्या बाणाला एक तपासणी रोज लागते, आणि ती मुलांना पहिल्या दिवसापासून शिकवा. बाण दोन्ही टोकांना धरून हलकासा वाकवायचा, थोडं फिरवायचं, पुन्हा वाकवायचं. कानाला करकर ऐकू आली किंवा बोटाला बारीक कूस लागली की तो बाण तिथेच मोडून टाकायचा. बॅगेत परत ठेवायचा नाही, कारण दुसऱ्या दिवशी तोच नेमका हाताला येतो. तडा गेलेला कार्बन बाण सुटताना फुटला तर त्याच्या काड्या धनुष्य धरलेल्या हातात शिरतात. बाणावर बाण आपटल्याचा आवाज आला असेल तर ही तपासणी ताबडतोब करायची, सायंकाळची वाट बघायची नाही.

दुसरा खर्च रिलीजवर. मनगटाला बांधायचा आणि तर्जनीने दाबायचा रिलीज स्वस्त, सोपा आणि हरवत नाही. पहिल्या वर्षाला तो वाईट नाही. त्याची खोड अशी, की बोट लवकरच घोड्यावर टपून बसतं. ठिपका लक्ष्याच्या मधल्या पिवळ्यावर आला की झटका. ही सवय पुढे सुटता सुटत नाही. हातात धरायचा, अंगठ्याने चालणारा रिलीज मी अधिक पसंत करतो. त्यात तीन आणि चार बोटांचे प्रकार येतात, आकार लहान-मध्यम-मोठा येतो, आणि तेरा वर्षांच्या मुलीच्या हातात मोठ्यांचा रिलीज दिला तर तिचा अंगठा बटणापर्यंत पोचण्यासाठी सगळा पंजा वळतो. म्हणून हा विकत घेण्याआधी हातात धरूनच बघावा. बटण नसलेला, पाठीच्या ताणाने फिरून सुटणारा हिंजही अनेक मोठे खेळाडू वापरतात. त्याच्या वाटेला लगेच जाऊ नका. ओढतानाच सुटला तर मूठ थेट तोंडावर येते. शिकायचाच असेल तर आपल्या ड्रॉच्या, म्हणजे स्ट्रिंग जितकी मागे ओढतो त्या, मापाची दोरीची गाठ मारून आधी त्यावर हात बसवायचा, धनुष्य त्यानंतर.

रिलीज बदलला की ड्रॉची लांबीही थोडी बदलते, हे कुणी सांगत नाही. मनगटी रिलीजवर बसवलेलं धनुष्य हातातल्या रिलीजला आखूड किंवा लांब वाटू लागतं आणि मूल मान पुढे काढून भरपाई करू लागतं. म्हणून रिलीज आधी ठरवा, मग ड्रॉ आणि डी-लूप. दोन्ही हात पसरून बोटांच्या टोकांपासून टोकांपर्यंतचं अंतर इंचांत मोजून त्याला अडीचने भागलं की ड्रॉचा अंदाज येतो. पण तो अंदाजच. वाढत्या वयाच्या मुलासाठी धनुष्य घेताना कॅमचं मॉड्यूल फिरवून ड्रॉ वाढवता येतो का, हे विचारून घ्या. नाहीतर दीड वर्षात सगळा खर्च पुन्हा.

डी-लूप म्हणजे स्ट्रिंगला बांधलेला दोरीचा छोटा फासा, रिलीज त्याला अडकतो. किंमत अगदी मामुली, पण तुटला तर मूल स्वतःच्याच हाताने गालावर ठोसा मारून घेतं. त्याची दोरी फुगलेली, झिजलेली दिसली की बदला. जादा दोरीचा एक तुकडा आणि लायटर बॅगेत कायम असू द्या.

पीप म्हणजे स्ट्रिंगमध्ये बसवलेली भोकाची छोटी चकती, डोळा त्यातून बघतो. ती बसवायला धनुष्य प्रेसमध्ये दाबून स्ट्रिंग सैल करावी लागते, आणि प्रेस प्रत्येक तालुक्यात नसतो. म्हणून धनुष्य घरी नेण्याआधी, जिथे प्रेस आहे तिथेच खेळाडूला उभं करून पीप बसवून घ्या. कसोटी सोपी आहे. लक्ष्यासमोर उभं राहून, स्ट्रिंगवर बाण चढवून, डोळे मिटून पूर्ण ओढायचं, हात आणि नाक रोजच्या जागी टेकवायचं आणि मग डोळे उघडायचे. डोळ्यासमोर भोक आलं तर बरोबर. मान वर किंवा खाली करावी लागली तर पीप सरकवायची, मान नाही. भोकाचा आकार असा, की पीपच्या कडेच्या आत साइटवरच्या स्कोपची गोल कड दिसावी आणि दोहोंमध्ये प्रकाशाची बारीक रेघ उरावी. दोन गोल एकमेकांत बसले की डोळा आपोआप मध्य साधतो.

साइटमध्ये पैसे घालायचे तर घट्टपणावर घाला. बार हलवून बघा, खडखडला तर परत ठेवा. वर-खाली आणि डावी-उजवीकडे नेणारे स्क्रू एकेका टिचकीने फिरले पाहिजेत, म्हणजे उद्या खूण परत सापडते. भिंगाबद्दल मात्र हौस आवरा. चार पट, सहा पट असं भिंग घेतलं की लक्ष्यासोबत हाताचा थरथराटही तितकाच मोठा दिसतो, आणि मूल ठिपका स्थिर करण्याच्या नादात बाण सोडायचंच विसरतं. पहिले काही महिने भिंगाशिवाय किंवा अगदी कमी ताकदीच्या भिंगावर काढा. स्कोपमधला पाण्याचा बुडबुडा मात्र हवाच. धनुष्य किंचित कललं तरी 50 मीटरवर बाण त्या बाजूला जातो, आणि हे खेळाडूला स्वतःला कधीच कळत नाही.

रेस्टच्या बाबतीत मैदानावर दोन पर्याय. एक, पातळ स्टीलच्या पट्टीवर बाण टेकवणारा ब्लेड. दुसरा, बाण सुटताच खाली पडणारा. ब्लेडमध्ये बिघडण्यासारखं काही नाही, पट्टी वाकली तर नवी टाकायची. पडणाऱ्या रेस्टची दोरी केबलला किंवा लिंबाला बांधलेली असते आणि ती सैल झाली की बाणाची पिसं रेस्टवर आपटतात. जवळ तंत्रज्ञ नसेल तर माझं मत ब्लेडला. फक्त वाऱ्यात आणि घाईत बाण त्यावरून घसरतो, हे पहिले आठ दिवस सोसावं लागतं.

स्टॅबिलायझर शेवटी घ्या. मला माहीत आहे, मुलांना आधी तोच हवा असतो. पुढे लांब दांडा, मागे तिरका दुसरा, टोकाला चकचकीत वजनं. हातापासून दूर असलेलं वजन धनुष्याला सहज वळू देत नाही, हे खरंच. पण खांद्यात ताकद नसताना ते वजन धनुष्याला खालीच ओढतं. सुरुवातीला पंचवीस-तीस इंचांचा एकच दांडा, टोकाला एक-दोन औंस. पूर्ण ओढून दहा सेकंद धरायला सांगा आणि ठिपक्याकडे बघा. तो पिवळ्याभोवती घुटमळत असेल तर ठीक. सारखा खाली ढळत असेल तर वजन काढा. मागचा दांडा सहा महिन्यांनी.

किरकोळ सामान पटकन सांगतो. कमरेचा भाता साधा चालेल. हाताचं कवच नवशिक्याला हवंच. बोटांचा टॅब रिकर्व्हवाल्यांचा, तो घेऊ नका. बाण उपसायला रबराची पकड घ्या. उन्हात तापलेला फोम बाण सोडत नाही, तेव्हा टोकाकडच्या भागावर अंघोळीच्या साबणाचा हात फिरवला की काम होतं. बोटाला अडकवायची स्लिंग विकत आणण्याचीही गरज नाही, बुटाची नाडी पुरते. ती मात्र रोज बांधायची, कारण धनुष्य पडेल ही भीती गेली की मूठ सैल राहते.

हत्यारांत फसगत होते ती ॲलन कीमध्ये. अमेरिकन धनुष्यांचे स्क्रू इंचांच्या मापाचे असतात आणि आपल्या हार्डवेअरच्या दुकानातला संच मिलिमीटरचा. जवळपासची चावी बसल्यासारखी वाटते, जोर लावला की स्क्रूचं तोंड गोल होतं आणि मग तो ड्रिलनेच काढावा लागतो. इंचांचा संच वेगळा घ्या आणि त्याला रंगीत पट्टी गुंडाळून ठेवा. स्ट्रिंगचं मेण, टी आकाराची पट्टी, चंदेरी मार्कर आणि सामान तोलायचा डिजिटल हुक काटा घ्या. त्याच काट्याला धनुष्य अडकवून सावकाश ओढलं की ताकद किती पौंड ते कळतं; स्पर्धेत 60 पौंडांची मर्यादा आहे. मार्करने साइट, रेस्ट आणि कॅम यांच्या जागांवर खुणा करा. काहीतरी सरकलंय हे कळायला त्यासारखा स्वस्त उपाय नाही.

पेटी कडक कवचाची घ्या. एसटीच्या टपावर किंवा रेल्वेच्या बाकाखाली मऊ बॅगेतली साइट वाकते. अकोला-नागपूरकडच्या मे महिन्यात बंद गाडीत धनुष्य ठेवू नका. स्ट्रिंग ताणते, पिसांचा डिंक सुटतो, लिंबांना धोका. कोकणात पावसाळ्यात स्क्रूंना तेलाचं बोट लावा आणि पेटीत सिलिका जेलच्या पुड्या टाका.

जुनं सामान मिळत असेल तर लाजू नका. स्टॅबिलायझर, पेटी, भाता, चांगल्या स्थितीतली साइट हे सगळं जुनं खुशाल घ्या. अकादमीत मोठी मुलं दरवर्षी काही ना काही विकतात. स्कोपचं भिंग उजेडात धरून ओरखडे बघा. रिलीज जुना घेणार असाल तर दोरीच्या फाशावर ओढून निदान पन्नासदा सोडून बघा, एकदाही आपणहून सुटला तर नको. बाण आणि स्ट्रिंग मात्र जुनी अजिबात नाही, कितीही स्वस्त मिळाली तरी. धनुष्यच जुनं असेल तर स्ट्रिंग-केबल बदलण्याचा खर्च त्याच्या किमतीत धरून सौदा करा, आणि लिंबांवरून कापसाचा बोळा फिरवा. कुठे धागा अडकला तर ते धनुष्य घेऊ नका.